भांबुर्डा ते डेक्कन : एका उपनगराची घडण

1993 सालची गोष्ट. मी एका वास्तुरचनाकारांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून नुकताच लागलो होतो. कॉम्प्युटर अजून आमच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता. जुन्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा, चारी कोपरे चिकटपट्टीनं बसवायचे, शाईच्या पेनानं रेघा उतरवायच्या आणि मग अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरणाऱ्या खोलीत प्रिंट काढायची, असं ते काम. एके दिवशी समोर आलेल्या नकाशाच्या डोक्यावर लिहिलं होतं : ‘टाऊन प्लॅनिंग स्कीम नं. 1, भांबुर्डा’. मी शेजारच्या ज्येष्ठ ड्राफ्ट्समनना विचारलं, “काका, हे गाव कुठल्या तालुक्यात येतं?” ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “अरे, तू राहतोस तिथंच.”

मी तेव्हा गोखलेनगरात राहत होतो. माझी आई रोज पहाटे हनुमान टेकडीची पायवाट चढून पलीकडे उतरायची आणि भांडारकर रस्त्यावरच्या तीन बंगल्यांत धुणीभांडी करून अकराच्या सुमारास परत यायची. टेकडीच्या या बाजूला आमची दहा बाय बाराची खोली आणि त्या बाजूला कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावणारी बकुळ. ही दोन वेगळी जगं आहेत अशीच माझी समजूत होती. दोन्ही बाजू एकाच गावाच्या हद्दीतल्या आहेत, हे मला त्या नकाशानं सांगितलं.

तेव्हापासून तीस वर्षं मी या गावाच्या मागे आहे. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. नकाशा वाचता येतो आणि मिळकतपत्रिका उलगडता येते, एवढंच माझं भांडवल. डेक्कन जिमखाना, आपटे रस्ता, भांडारकर रस्ता, प्रभात रस्ता हा पुण्यातला सुखवस्तू पट्टा. इथली शांतता, सावली, रुंद अंगणं या गोष्टींचं वर्णन करताना ‘जुनं पुणं’ असा शब्द सर्रास वापरला जातो. माझा अनुभव उलटा आहे. या भागात आपोआप झालेलं फार थोडं आहे. एका साथीनं, एका कायद्यानं आणि काही माणसांनी मिळून ठरवलेल्या नियमांनी तो घडवला आहे. ते नियम कुणासाठी होते आणि कुणासाठी नव्हते, हे पाहिल्याशिवाय आज तिथं जे चाललं आहे त्याचा अर्थ लागत नाही.

नदीपलीकडचं गाव

पेशवाईतलं पुणं मुठेच्या उजव्या तीरावर वाढलं. शनिवारवाड्याच्या बाजूनं नदी ओलांडली की भांबुर्डा लागायचा. त्याच्या नैऋत्येला एरंडवणे आणि आणखी पुढे कोथरूड. भांबुर्ड्याचं गावठाण आजही आहे. शिवाजीनगर गावठाण या नावानं ते ओळखलं जातं आणि तिथं ग्रामदैवत रोकडोबाचं देऊळ आहे. पाताळेश्वराचं लेणं याच गावच्या हद्दीतलं. आजचं शिवाजीनगर रेल्वे स्टेशन पूर्वी ‘भांबुर्डा’ याच नावाचं होतं. गाव नावानिशी पुसलं गेलं, पण मिळकतपत्रिकेवर मात्र आजही ‘मौजे भांबुर्डा’ किंवा ‘एरंडवणे’ असंच छापून येतं. कोट्यवधींच्या फ्लॅटचा करार करताना माणसाला एकदा तरी त्या खेड्याचं नाव लिहावं लागतं.

ही जमीन पडीक नव्हती. खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकात बांधलं गेलं आणि त्याचा डावा कालवा कोथरूड, एरंडवण्यातून भांबुर्ड्याकडे आला. त्या कालव्याला पाणी नाही, पण लॉ कॉलेज परिसरातल्या ‘कॅनॉल रोड’ या नावात तो शिल्लक आहे. पुण्याच्या पेठांना भाजीपाला पुरवणारे मळे नदीच्या या काठावर होते. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांत आज जी झाडं जोमानं वाढलेली दिसतात, त्यांच्या खाली मळ्याची माती आहे, हे विसरू नये.

प्लेग आणि मोकळी हवा

पेठेतल्या माणसानं नदी ओलांडून कायमचं राहायला जावं, असं काय घडलं? त्याचं मोठं कारण प्लेग. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला आणि काही महिन्यांत पुण्यात शिरला. 4 फेब्रुवारी 1897 ला साथरोगांचा कायदा झाला. रँडच्या प्लेग कमिटीच्या काळात घरात घुसून झालेल्या झडत्या, रोग्यांना उचलून नेणं आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी, हा इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. त्याच साथीनं शहराच्या रचनेवर काय परिणाम केला, याची चर्चा मात्र कमी होते.

प्लेग एकदा येऊन गेला नाही. पुढची कित्येक वर्षं तो हंगाम धरून येत राहिला. घरात उंदीर मेलेला दिसला की लोक चंबूगबाळं आवरून गावाबाहेर शेतात झोपड्या टाकून राहत आणि साथ ओसरली की परत येत. ज्यांना रजा आणि पैसा परवडे ते अधिक चांगल्या झोपडीत राहत. अशा रीतीनं पेठांतल्या हजारो माणसांनी पहिल्यांदा उघड्या रानात बिऱ्हाड मांडलं. वाड्याच्या भिंतीला भिंत नाही, चारी बाजूंनी वारा येतो आणि तरी माणसं सुखरूप आहेत, हा अनुभव त्यांनी घेतला.

शास्त्र म्हणून पाहिलं तर त्यांची समजूत अर्धवट होती. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमों यानं 1898 मध्ये कराचीत काम करताना दाखवलं, पण ते सर्वमान्य व्हायला वेळ लागला. तोवर दोष कोंदट हवेवरच जात होता. ‘हवा-उजेड’ हा शब्द त्या पिढीच्या तोंडी असे बसला की घर बघायला गेलेला माणूस आजही पहिला प्रश्न तोच विचारतो. चुकीच्या कारणासाठी घेतलेला हा निर्णय परिणामानं बराचसा बरोबर ठरला, कारण विरळ वस्तीत आणि पक्क्या जोत्याच्या घरात उंदरांचाही सुळसुळाट कमी झाला.

घराचा आकार याच धास्तीनं उलटा झाला. वाड्यात मोकळी जागा मधोमध असते आणि खोल्या तिच्याभोवती. रस्त्याकडे फक्त भिंत आणि दिंडीदरवाजा. बंगल्यात खोल्या मधोमध आणि मोकळी जागा भोवती. हा नमुना लष्कराच्या कॅम्पात साहेबांच्या वस्तीत तयार होताच. पुणेकरानं तो घेतला आणि त्यात तुळशीवृंदावन, झोपाळा आणि मागच्या दारी धुण्याचा दगड आणून बसवला. माझी आई ज्या दगडावर बसायची तो दगड मुळात बंगल्याच्या आराखड्यातला नाही, वाड्यातून आलेला आहे.

आधी संस्था, मग घरं

लोक एकदम नदीपलीकडे गेले नाहीत. आधी संस्था गेल्या. 1885 मध्ये शहरातल्या वाड्यात सुरू झालेलं फर्ग्युसन कॉलेज दहा वर्षांच्या आत टेकडीच्या पायथ्याशी आलं. धोंडो केशव कर्व्यांनी 1900 मध्ये आपला आश्रम हिंगण्याच्या माळावर हलवला. शहरातला विरोध आणि प्लेग, दोन्ही त्यामागे होतं. 1905 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तो फर्ग्युसनच्या मागच्या टेकाडावर. 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, 1924 मध्ये लॉ कॉलेज, 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था. 1933 मध्ये कोल्हापूरहून प्रभात फिल्म कंपनी आली आणि एका अख्ख्या रस्त्याला नाव देऊन गेली.

यात 1906 मध्ये बाळकृष्ण नारायण भाजेकर यांनी सुरू केलेला डेक्कन जिमखाना वेगळा. तो शिक्षणसंस्था नव्हता. एतद्देशीयांना खेळायला मैदान असावं, हा त्याचा हेतू. दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष होते. इथल्या शर्यतींत अनवाणी धावणारी मुलं पाहूनच त्यांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचा घाट घातला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की मैदानाभोवती वसाहत उभी राहिली आणि मैदानाचं नाव वस्तीला मिळालं. देवळाभोवती वसलेली पेठ आपल्याला माहीत आहे. मैदानाभोवती वसलेली आळी हा पुण्यात नवा प्रकार होता.

संस्था पुढे गेल्यामुळे तीन गोष्टी झाल्या. रस्ते आले. पगारदार माणसं आली : प्राध्यापक, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी. आणि ती बहुतेक एकमेकांना ओळखणारी, एकाच सामाजिक थरातली, बहुतांशी ब्राह्मण होती. सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा, 1912 मध्ये तो विस्तारला आणि घरबांधणीसाठीही सहकार वापरता येईल असा मार्ग मोकळा झाला. 1915 मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वतांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती देशातली पहिली मानली जाते. तिच्या नावातच जात होती. पुण्यात अनेक ठिकाणी नावात नव्हती, पण ओळखीतून सभासद होण्याची पद्धत होती. ओळख कुठवर पोचते, यावर शेजार कुठवर पोचेल हे ठरत होतं.

रेघ कशी सरळ झाली

आता त्या नकाशाकडे येतो. शेतं सरळ नसतात. ओढ्याच्या कडेनं, बांधाच्या वळणानं, भाऊबंदकीच्या वाटणीनं ती वाकडीतिकडी झालेली असतात. त्यांच्यावर चौकोनी प्लॉट आणि सरळ गल्ल्या कशा उमटल्या?

मुंबईत याचं उत्तर 1898 च्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टनं दिलं होतं : जमीन ताब्यात घ्या, मालकाला भरपाई द्या, आखणी करा आणि प्लॉट भाडेपट्ट्यानं द्या. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी अशा उभ्या राहिल्या. यात खर्च प्रचंड आणि जुना मालक चित्रातून कायमचा बाहेर.

1915 च्या मुंबई नगररचना कायद्यानं दुसरा रस्ता काढला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एका मोठ्या पट्ट्यातल्या सगळ्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यावर रस्ते, मोकळ्या जागा आखायच्या. मग उरलेली जमीन त्याच मालकांना नीट आकाराच्या तुकड्यांत परत वाटायची. आधीचा तुकडा तो ‘ओरिजिनल प्लॉट’, नंतरचा तो ‘फायनल प्लॉट’.

समजा, एकाची चार एकर, म्हणजे 160 गुंठे जमीन तीन वाकड्या तुकड्यांत आहे. त्यातली 40 गुंठे रस्त्यात गेली आणि 120 गुंठे त्याला सरळ चौकोनात, रस्त्याला लागून परत मिळाली. (आकडे समजावण्यापुरते.) क्षेत्र घटलं, पण किंमत कित्येक पटींनी वाढली. या वाढीतला काही हिस्सा योजनेच्या खर्चासाठी मालकाकडून घ्यायचा. किती क्षेत्र गेलं, किती मिळालं, किती देणं-घेणं राहिलं, याचा निवाडा सरकारनं नेमलेला लवाद करी आणि एका मोठ्या तक्त्यात तो मांडला जाई. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत भांबुर्ड्याची योजना अशी आकाराला आली. आजही डेक्कनवरच्या पत्त्यात ‘फायनल प्लॉट नंबर’ असतो, तो या तक्त्यातला अनुक्रमांक.

कुणाला जमीन बळजबरीनं सोडावी लागली नाही, सरकारचा पैसा बुडाला नाही आणि रस्ते घरांच्या आधी झाले. आपल्याकडे नंतरच्या कित्येक उपनगरांत घरं आधी आणि रस्ते मागून आले, त्यांची आजची दशा पाहिली की या जुन्या आखणीची किंमत कळते. ट्रेसर म्हणून त्या रेघांवर पेन फिरवताना मला नेहमी आदर वाटत आला आहे. जमिनीचा उतार, ओढ्याची वाट, उन्हाची दिशा यांचा विचार करणाऱ्या हातांनी त्या ओढल्या होत्या.

तक्त्यात नसलेले

पण तक्त्यात रकाना कुणाचा होता? जमीनमालकाचा. कायदा मालकाशीच बोलत होता. वाट्यानं कसणारं कूळ, मळ्यावर रोजानं राबणारी बाई, गावकीच्या हक्कावर जगणारा बलुतेदार, बांधाच्या कडेला पालं ठोकणारे भटके यांच्यासाठी त्यात ओळ नव्हती. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कुळाला प्रत्यक्षात मिळायला 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन उजाडावा लागला. तोवर इथली शेतं बंगले झालेली होती. जिथं शेतच नाही तिथं कूळ कसलं?

मालकांचंही सगळं सुखाचं झालं असं नाही. गुंठ्याला भाव आला की शेती करणं परवडत नाही. प्लॉट विकून आलेला पैसा लग्नकार्यात, वाटण्यांत गेला आणि गाव गावठाणापुरतं उरलं. शिवाजीनगर गावठाणात किंवा एरंडवण्याच्या गावठाणात आज गेलात तर एका वळणात रस्त्याची रुंदी आटते. आखणीनं गावठाणाला हात लावला नव्हता. ज्यांच्या शेतातून रुंद रस्ते गेले, त्यांच्या दारात तेवढी रुंदी आली नाही.

एका विद्वानानं हे पाहिलं होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी भांडारकर इन्स्टिट्यूटच्या रस्त्यावर राहत. 1956 मध्ये आलेल्या भारतीय इतिहासावरच्या आपल्या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकात समाजाच्या थरांची ओळख करून देताना त्यांनी उदाहरणं लांबून आणली नाहीत. आपल्या घराच्या आसपास पालं टाकून राहणारे फासेपारधी, शेजारच्या वस्त्या, त्यांचे देव, त्यांच्या चालीरीती यांपासूनच सुरुवात केली. टेकडीच्या उतारावर त्यांना अश्मयुगीन गारगोटीची हत्यारं सापडली. ज्या गल्लीला इतर लोक नवी वसाहत म्हणत होते तिथं त्यांना हजारो वर्षांची वहिवाट दिसत होती. ते पुस्तक मी पंचविशीत, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. आमच्या टेकडीचं नाव छापील पानावर येण्याच्या लायकीचं आहे, हे मला पहिल्यांदा तिथं कळलं.

पुढच्या काळात शेतकऱ्याला तक्त्यात अधिक भक्कम जागा मिळाल्याचं उदाहरण याच शहरात आहे. हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली 400 एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. 2000 च्या सुमारास तिथं बांधकाम सुरू झालं. जमीन विकून मोकळं होण्याऐवजी शेतकरी विकासाचा भागीदार झाला. 1915 च्या युक्तीची ही पुढची पायरी म्हणता येईल. तरी तिथंही भाग मिळाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच.

पूर आणि टेकडीपलीकडची वस्ती

12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. मुठेच्या काठच्या पेठा बुडाल्या, लकडी पुलावरून पाणी गेलं. डेक्कनचा नदीकडचा सखल भागही पाण्याखाली गेला, पण टेकडीच्या बाजूला चढत गेलेल्या गल्ल्या वाचल्या. माझे आजोबा नारायण पेठेत नदीच्या अंगाला भाड्याच्या खोलीत राहत. खोली गेली, भांडीकुंडी गेली, छापखान्यातल्या नोकरीचा छापखानाही गेला. पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यांतल्या गोखलेनगरात त्यांना आसरा मिळाला. अर्धगोल छपराच्या त्या घरांना लोक ‘निसन हट’ म्हणत. माझा जन्म त्याच छपराखालचा.

नगरनियोजनाच्या भाषेत गोखलेनगर आणि भांडारकर रस्ता या दोन वेगळ्या योजना. पण घड्याळ लावून पाहिलं तर त्या एकच. सकाळी सहाला टेकडीवरून बाया उतरत, सातला बंगल्यांत चहाची भांडी वाजत. बंगल्यातल्या बाईंना नोकरीवर, लायब्ररीत किंवा संध्याकाळच्या व्याख्यानाला जाता येई, कारण दुसरी बाई टेकडी उतरून आलेली असे. बंगल्याच्या मागे आउटहाउस असेल तर एखादं कुटुंब तिथंच राही, भाड्याऐवजी कामाच्या बोलीवर. ही देवघेव पुष्कळदा मायेची होती, हेही सांगितलं पाहिजे. मला पहिला ॲटलास ज्या घरातून मिळाला तिथं आई एकवीस वर्षं काम करत होती. बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. माझ्या दहावीच्या परीक्षेला त्या स्वतः डबा घेऊन आल्या होत्या. पण माया कराराच्या कागदावर उमटत नाही.

नऊ मीटर

वसाहतीचा पहिला अवतार साधारण 1960 च्या दशकापर्यंत टिकला. मग फ्लॅट आले. 1963 चा मोफा आणि 1970 चा अपार्टमेंट कायदा यांनी इमारतीतला एकेक गाळा मालकीनं विकणं रुळवलं. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं पुण्यात माणशी 1000 चौरस मीटरची मर्यादा घातली. मोठे प्लॉट असलेल्यांना अंगण हीच अडचण वाटू लागली. भावंडांच्या वाटण्या, परदेशी गेलेली मुलं, जुन्या भाडेकरूंची भाडी, बंगल्याची डागडुजी या सगळ्याचं उत्तर बिल्डरकडे होतं. गुलमोहरामागे तीन मजले उभे राहिले.

शहर दरम्यान कुठल्या कुठे गेलं. 1951 मध्ये पाच लाखांच्या आत असलेली पुण्याची वस्ती 2011 मध्ये 31 लाखांवर गेली. एकेकाळचं उपनगर शहराच्या मध्यावर आलं. 2023 पासून मेट्रो डेक्कन जिमखान्याला थांबते. इतक्या मोक्याच्या जागी तीन मजले म्हणजे वाया गेलेलं आकाश, असा हिशोब होणारच होता.

या हिशोबाचं माप म्हणजे रस्त्याची रुंदी. डिसेंबर 2020 मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिचं सूत्र ढोबळ मानानं असं : 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ 1.1 इतकाच चटईक्षेत्र निर्देशांक. रस्ता 9 मीटरचा झाला की अधिमूल्य भरून आणि टीडीआर विकत घेऊन तो 2 पर्यंत जातो, रस्ता रुंद तसा आणखी वर. म्हणजे दोन-तीन मीटर रुंदीसाठी तोच प्लॉट जवळपास दुप्पट होतो. त्याच वर्षी पुण्यातले 6 मीटरचे 323 रस्ते 9 मीटर करण्याचा प्रस्ताव महापालिकेत आला, तेव्हा या गल्ल्यांमधून दोन आवाज उठले. एक म्हणाला, झाडं जातील, शांतता जाईल. दुसरा म्हणाला, आमच्या मोडकळीला आलेल्या इमारतीला दुसरा उपाय नाही, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर आई-वडील अडकून पडले आहेत.

मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच एक गोष्ट खटकते. गल्लीची रुंदी शंभर वर्षांपूर्वी टांगा जावा, हवा खेळावी म्हणून ठरली होती. आज तीच रुंदी किती मजले चढतील याचं चलन झाली आहे. पाणी, मैलापाणी, गाड्यांची जागा आणि नदीचा पूर यांचा हिशोब या चलनात नाही. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं गेलं आणि डेक्कनला नदीलगतच्या पुलाची वाडी इथं आपली हातगाडी वाचवायला गेलेले तिघं विजेचा धक्का लागून दगावले. उंच गल्लीतल्या पुनर्विकासाच्या बैठका आणि सखल वाडीतलं ते पाणी यांच्यात चालत दहा मिनिटांचं अंतर आहे. पत्ता दोघांचाही ‘डेक्कन जिमखाना, पुणे 4’.

आणि तक्ता? पुनर्विकासाच्या करारातही तक्ता असतो. मालकाला किती चौरस फूट, कायदेशीर भाडेकरूला किती, बिल्डरला किती. गेल्या दहा-बारा वर्षांत असे पुष्कळ करार माझ्या टेबलावरून गेले. आउटहाउसमध्ये दोन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाची ओळ त्यात क्वचितच असते, कारण त्यांच्याकडे भाडेपावती नसते. नव्या आराखड्यात त्यांच्या कामाची आठवण मात्र असते. जिन्याजवळ चार फूट बाय तीन फुटांचा एक चौकोन असतो आणि त्यावर लिहायचं असतं : ‘सर्व्हंट टॉयलेट’. कॉम्प्युटरवर ती अक्षरं टाइप करायचं काम बरेचदा माझ्याकडे येतं.

1915 च्या आखणीकारांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या काळाच्या मानानं पुष्कळ न्याय केला. शेतकऱ्याला हुसकावलं नाही आणि रस्त्याला पुरेशी जागा ठेवली. पण त्यांच्या यशानं एक सवय लागली, की उपनगर म्हणजे प्लॉटधारकांचा आपसातला करार. झाडं वाचवा म्हणणारे आणि मजले वाढवा म्हणणारे आजही दोघं प्लॉटधारकच असतात. नियम नव्यानं लिहिले जात असतानाच तक्त्यात एक रकाना वाढवता येतो. आउटहाउसवाल्यांसाठी त्याच प्लॉटवर एक-दोन लहान गाळे, वाढीव चटईक्षेत्राच्या बदल्यात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत हे तत्त्व आपण मान्य केलंच आहे. ते प्रभात रस्त्याच्या गल्लीत का चालू नये, याचं तांत्रिक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या वर्षी मी तिला जुन्या नकाशाची प्रिंट दाखवली. तिला अक्षरं लागत नाहीत, पण रेघा तिनं बोटानं ओळखल्या. हा बाईंचा बंगला, ही बेकरीची गल्ली, हा कॅनॉल. मग बोट टेकडीवर नेऊन तिनं विचारलं, “आणि आमची वाट कुठंय?” नकाशात टेकडीचे उतार बारीक रेघांनी दाखवले होते, पायवाट नव्हती. मी पेन्सिलीनं ती काढून दिली. गोखलेनगरच्या पाण्याच्या टाकीपासून वर, हनुमानाच्या देवळाशेजारून खाली. “इतकी सरळ नव्हती,” ती म्हणाली. मी खोडरबर घेतलं आणि ती सांगेल तशी पुन्हा काढली.